गोमुखीतली पुडी

मॉरिसव्हिल,
शनिवार, ८ जुलै २००६

ती. सौ. आईंना मृणालिनीचा वाकून नमस्कार. बाबांनाही माझा नमस्कार सांगा.

पत्र बघून दचकू नका, इथे सगळं ठीक आहे. फोन असताना पत्र कशाला, असं बाबा विचारतील. त्यांना सांगा की फोनवर सासूबाई माझ्याशी दोनच वाक्यं बोलतात. एक, "बरी आहेस ना?" आणि दुसरं, "कार्डाची मिनिटं जातील, ह्यांना देते." मग बाबा वीस मिनिटं मला मिरजेच्या नळाला पाणी किती वाजता आलं ते सांगतात, आणि कार्डाची मिनिटं काय जायची ती जातातच. पत्र असं मध्येच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी बातम्या. तुम्ही बाल्कनीत पेरलेली कोथिंबीर उन्हाने गेली. मिरचीला मात्र अकरा मिरच्या लागल्या आहेत आणि शंतनूने त्यांचा फोटो ऑफिसात सगळ्यांना दाखवला, जणू त्यानेच पाणी घातलं होतं. शेजारच्या दीपाची आन्या अजून मला जिन्यात अडवून विचारते, "व्हेअर इज द आजी हू स्वीप्स द पार्किंग लॉट?" तुम्ही गेल्यापासून आमच्या इमारतीखाली पाला तसाच पडून असतो. सोसायटीचा माणूस येतो तो पाला उडवायचं यंत्र घेऊन, आणि इकडचा पाला तिकडे करून जातो.

जंगलाचं कामही चालू आहे. बाबांना अजून वाटतं की मी जंगलखात्यात नोकरीला लागले. एकदा त्यांना नीट सांगते, हा पुढचा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

बाबा, माझा व्हिसा शंतनूच्या शेपटीला बांधलेला आहे. त्यावर नोकरी करता येत नाही, फुकट राबता मात्र येतं. म्हणून गेली दोन वर्षं मी काही शनिवार कॅरलबरोबर डोंगरात जाते. कॅरल बासष्ट वर्षांची आहे, विद्यापीठातून निवृत्त झाली आहे आणि तिचा सगळा जीव लायकेनमध्ये आहे. आपण गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल म्हणजे लायकेनच, पण जगात त्याच्या हजारो जाती आहेत. घर बुरशीचं, त्यात चूल शेवाळाची, आणि दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही, असा तो संसार असतो. आम्ही ज्या जातीच्या मागे आहोत ती राखाडी-निळसर, कडेने झालर असलेली. त्या सगळ्या खोऱ्यात ती एकाच म्हाताऱ्या ओकच्या झाडावर आहे. वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वाढते. जुनं झाड, स्वच्छ हवा आणि कायमचा थोडा ओलावा, यातलं एक जरी कमी पडलं तरी ती जाते. त्या उतारावरची झाडं तोडायला द्यायची की नाही, हे सप्टेंबरात ठरणार आहे. कॅरल म्हणते, लायकेन एका झाडावर असेल तर साहेब लोक त्याला योगायोग म्हणतील, दोन झाडांवर सापडलं तर वस्ती म्हणावं लागेल. दुसरं झाड आम्हाला दोन वर्षांत मिळालेलं नाही. परिच्छेद संपला, बाबांना चहा द्या.

आई, तुम्ही करून दिलेल्या पुड्या कॅरल अजून वापरते. आम्ही सगळे कागदाच्या पाकिटांना चिकटपट्टी लावत बसायचो. तुम्ही एका संध्याकाळी दोनशे पुड्या घालून दिल्यात, डिंक नाही की पट्टी नाही, आणि उलटी करून हलवली तरी कण सांडत नाही. तुमचे वडील कंपाउंडर होते आणि तुम्ही आठव्या वर्षापासून दवाखान्यात पुड्या बांधायचात, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की विद्यापीठात असा एक कंपाउंडर ठेवायला हवा होता. पुडीवर लिहायची चिठ्ठी तुम्ही किती पटकन शिकलात. तारीख, जागा, झाड, झाडाची कुठली बाजू, जमिनीपासून उंची, संग्राहक, आणि शेवटी 'सोबत'. ही शेवटची ओळ कशाला, असं तुम्ही विचारलं होतंत. कॅरलने सांगितलं होतं की गोळा करणारा मेला तर जागा दाखवायला कुणीतरी उरलं पाहिजे. ते तुम्हाला पटलं होतं.

आणि १३ मेला तुम्हाला डोंगरात घेऊन गेलो तो दिवस. रस्त्याकडेच्या टपरीवर उकडलेल्या शेंगा बघून तुम्ही म्हणालात की अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा माणसांचं खाणं दिसलं. कॅरलच्या ट्रकमध्ये पुढच्या सीटवर बसून तुम्ही अर्धा किलो शेंगा संपवल्यात.

एवढं लिहून झालं आणि मी तीन वेळा उठून पाणी पिऊन आले. आता लिहायचं ते लिहिते.

त्यानंतरच्या शनिवारी, वीस तारखेला, आम्ही पुन्हा ओकपाशी गेलो. लायकेनवर पारदर्शक प्लास्टिक धरून आम्ही त्याची कड पेनने गिरवतो आणि आधीच्या रेघेशी ताडून बघतो. त्या दिवशी कड आत गेलेली होती. तीन ठिकाणी तुकडे उचकटून नेलेले होते. परतीचा रस्ता चार तासांचा. घरी आले तर दारातच भाजलेल्या मसाल्याचा वास. ओट्यावर बशीत तुम्ही दगडफूल निवडून ठेवलं होतं. राखाडी, झालरीचं. त्या वासाने मला मळमळलं, आणि ती बशी बघून माझं डोकंच फिरलं.

आमच्या लायकेनवर ब्लीचचा थेंब टाकला की ते लाल होतं, ही त्याची एक ओळख. मी कपडे धुण्याच्या ब्लीचची बाटली आणली आणि तुमच्यादेखत तुमच्या बशीत थेंब टाकला. लाल झालं. मी म्हणाले, "आई, तुम्हाला दिसेल ते मसाल्यात घालायचंच असतं का?"

तुम्ही म्हणालात, "अगं, मी त्या झाडापर्यंत चढले तरी होते का?"

चढला नव्हतात. गुडघ्यांमुळे तुम्ही खाली गाड्यांजवळच्या टेबलाशी बसून राहिला होतात, आणि हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी म्हणाले, "दोन तास तुम्ही खाली काय करत होतात, कुणी बघितलंय?"

शंतनू लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसला. तुम्ही तो लाल झालेला तुकडा बशीतून उचलून केरात टाकलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही मसाला दळलात, डबा भरलात, वर झाकणावर तारीख लिहिलीत, आणि सप्टेंबरचं तिकीट बदलून अठ्ठावीस मेचं करून घेतलंत. विमानतळावर मी नमस्काराला वाकले तेव्हा तुम्ही डोक्यावर हात ठेवलात. तो मला अजून जाणवतो.

आता माझी अक्कल ऐका. बाजारातल्या आपल्या दगडफुलावर ब्लीच टाकलं तरी ते लालच होतं. हे मला एम.एस्सी.ला शिकवलं होतं, परीक्षेत मी लिहिलंही होतं आणि मार्क मिळवले होते. आणि खरा चोर गेल्या शनिवारी सापडला. ओकच्या शेजारच्या झाडावर एक हमिंगबर्डचं घरटं आहे, अर्ध्या अक्रोडाएवढं. घरट्याला हात लावायला कायद्याने बंदी आहे, म्हणून दुर्बिणीतून बघितलं. कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं, आणि बाहेरून आमच्या लायकेनचे तुकडे एकाला एक लावून चिकटवलेले. पिल्लं उडून गेली होती. कॅरल गवतावर बसून हसत सुटली. मला रडू आलं.

आई, मी चुकले. तुमच्यावर आळ घेतला तो घेतलाच, वर तुमच्या स्वयंपाकाची तपासणी केली. कुठल्याही शास्त्रात याला माफी नाही, तुमच्याकडे असली तर बघा.

आणखी एक गोष्ट आहे. त्या दिवशी मला मळमळलं ते मसाल्याने नव्हतं. मला दिवस गेले होते, सहावा आठवडा होता, आणि मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मागच्या वेळी सगळ्यांना सांगून बसलो आणि मग सगळ्यांना ते राहिलं नाही हे सांगत बसावं लागलं. या वेळी तीन महिने पुरे होईपर्यंत गप्प राहायचं ठरवलं होतं. ते गुरुवारी पुरे झाले. डॉक्टर म्हणते सगळं छान आहे. जानेवारीत तुम्ही याल का, हे विचारायला मला तोंड नाही, म्हणून विचारत नाही. नुसती तारीख कळवते. १३ जानेवारी.

आपली,
मृणालिनी


मिरज,
२२ जुलै २००६

चि. सौ. मृणालिनीस आईचे आशीर्वाद. चि. शंतनूस आशीर्वाद.

तुझं पत्र बुधवारी आलं. ह्यांनीच फोडलं आणि झोपाळ्यावर बसून मोठ्याने वाचायला घेतलं. "परिच्छेद संपला, बाबांना चहा द्या" इथे आले आणि चहा मागितला. मी चहा ठेवायला आत गेले तोवर पुढचं एकटेच वाचून बसले होते. कप हातात घेऊन म्हणाले, "आता तू वाच." दिवसभर मग ते माझ्याशी फार सांभाळून वागत होते.

आधी गोड बातमीचं. फार आनंद झाला. सासूला म्हणे सुनेच्या चालण्यावरून कळतं. मला काहीएक कळलं नाही. दोन महिने तुझ्या घरात राहिले, तू लोणच्याची बरणी बघून तोंड फिरवायचीस, आणि मला वाटायचं हिला माझ्या हातचं आवडत नाही. शंतनूच्या वेळी तर मला स्वतःचंच तिसऱ्या महिन्यात कळलं होतं. तेव्हा त्याबद्दल मनाला लावून घेऊ नकोस. जिने चढताना कठड्याला धर. डोंगरात जायचंच असेल तर जा, पण त्या ट्रकमध्ये धक्के फार बसतात, कॅरलबाईंना हळू चालवायला सांग.

आता दुसरं. राग आला होता का, तर आला होता. पस्तीस वर्षं मसाला करते आहे. कुणी मीठ जास्त म्हणालं असेल, कुणी तिखट म्हणालं असेल, पण औषध टाकून तपासायला कुणी बसलं नव्हतं. ब्लीचची ती बाटली मला अजून दिसते. तू लिहिलंस म्हणून सांगते, नाहीतर बोलणार नव्हते.

पण मी निघून आले ती काही नुसती रागाने आले नाही. तू खरं सांगितलंस, आता मीही सांगते. तुझ्या झाडाला मी हात लावला नाही, हे खरं. पण माझ्याजवळ काही नव्हतं, हे खरं नाही.

त्या दिवशी तुम्ही सगळे वर गेलात. मी त्या लाकडी टेबलाशी बसले. खाली इतका पाला आणि काटक्या की पाय ठेवावासा वाटेना. माझा स्वभाव तुला माहीत आहे, घाणीत बसून मला जपसुद्धा जमत नाही. ओढ्याकडेला पाइनची एक फांदी पडली होती, ती घेतली आणि टेबलाभोवतीची जागा लख्ख झाडून काढली. त्या केरात मला ते मिळालं. तीन-चार तुकडे, राखाडी-निळसर, कडेला झालर. तुझ्या टेबलावर भिंतीला फोटो लावलाय ना, तसंच. पर्समध्ये एक कोरी पुडी होती. तिच्यात तुकडे घातले आणि पेन्सिलने वर सगळं लिहिलं, तुम्ही शिकवलं होतं तसं. वाटलं, तू खाली आलीस की दाखवीन आणि तुला हसू येईल.

तू खाली आलीस ती पांढरीफटक. गाडीत बसलीस आणि लगेच झोपलीस. म्हटलं, उद्या दाखवू. मग वाटलं, कशाला, केरातलंच तर आहे. मिरजेला नेऊन ह्यांना दाखवीन, आपली सून डोंगरात काय शोधत हिंडते ते. तेवढ्यात पुढचा शनिवार उजाडला आणि तू बशीत थेंब टाकलास. आता ती पुडी काढून दाखवली असती तर तू काय म्हणाली असतीस, सांग. मी झाडावर चढले नाही, हे सांगून झालं होतं. चढले नाही आणि वस्तू पर्समध्ये, हे कोण ऐकून घेतं? मी घाबरले. साठ वर्षांची बाई सुनेच्या घरात घाबरून पुडी लपवायला जागा शोधत होती. शेवटी गोमुखीत घातली. तिथे कुणी हात घालत नाही.

रोज जपाला बसलं की माळेआधी बोटाला पुडी लागायची. आठ दिवस मी देवाचं नाव एक आणि मनात दुसरंच, असा जप केला. म्हणून तिकीट बदललं. इथे आल्यावरही ह्यांना ती दाखवली नाही.

चिठ्ठी जशीच्या तशी उतरवते:

तारीख: १३ मे २००६
जागा: गाड्या लावतात तिथलं लाकडी टेबल, ओढ्याच्या बाजूला
झाड: नाव माहीत नाही. पान पंजासारखं, पाच बोटांचं. टेबलाच्या डोक्यावर आहे.
बाजू: झाडावर नाही, खाली केरात
उंची: काही नाही
संग्राहक: शैलजा पुरुषोत्तम पाटणकर
सोबत: कुणी नाही

शेवटची ओळ तुला टोचावी म्हणून लिहिलेली नाही. सगळ्या ओळी भरायच्या असतात असं कॅरलबाई म्हणाल्या होत्या, म्हणून भरली.

पुडी पोस्टात घालत नाही, चुरा होईल. काय करायचं ते कळव. हमिंगबर्डला मात्र माझ्यातर्फे शाबास म्हण, बाळंतपणाची तयारी करावी तर अशी.

जानेवारीचं बघू. माझे गुडघे आहेत, आणि ह्यांच्या जेवणाचं आहे. विमानात पाय ठेवणार नाही हा ह्यांचा पण तुला माहीतच आहे. एवढ्यात काही नक्की धरू नकोस.

तुझी,
आई


मॉरिसव्हिल,
रविवार, ६ ऑगस्ट २००६

ती. सौ. आई, ती. बाबा,

नमस्कार, आणि आज बाबांनी पत्र शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचं आहे. चहा आधीच करून घ्या.

गुरुवारी तुमचं पत्र आलं. 'गोमुखी' वाचून मी हसले, मग पुढची ओळ वाचून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून रडले, मग चिठ्ठीपाशी आले आणि रडणं थांबलं. ती मी तीनदा वाचली. शंतनू ऑफिसात होता, त्याच्याआधी मी कॅरलला फोन केला. चिठ्ठी इंग्रजीत करून ओळीओळीने सांगितली. 'टेबलाच्या डोक्यावर आहे' हे सांगितल्यावर तिने ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मग ती म्हणाली की शनिवारची वाट कशाला बघायची. पण शंतनू ऐकेना, तो म्हणाला शनिवारीच जाऊ, मीही येणार, आणि ट्रक नको, माझी गाडी. तुमच्या सूचनेप्रमाणे धक्के न देता त्याने चार तासांचा रस्ता साडेपाच तासांत कापला.

पाच बोटांचं पान म्हणजे मेपल. टेबलाच्या अगदी डोक्यावर आहे, ओकइतकाच जुना. दोन वर्षं आम्ही त्याच्याच सावलीत डबे खाल्ले. आई, आम्ही सगळी झाडं डोळ्यांच्या उंचीवर तपासतो. वर बघायचं तर मान मोडते, आणि खाली बघायचं कुणाच्या मनातच आलं नाही. कॅरलने दुर्बीण लावली. पस्तीस-चाळीस फुटांवर एक आडवी फांदी ओढ्याकडे गेलेली आहे, तिच्यावर सगळं राखाडी-निळं दिसत होतं. तिने दोरीने झाडावर चढणारी एक मुलगी बोलावली होती, ती वर गेली आणि वरून आकडे ओरडून सांगायला लागली. एक, दोन, चार. नऊपर्यंत आली. वारा सुटला की तुकडे खाली पडतात, ते केरात जातात, आणि केर काढायची आमच्यापैकी कुणालाच सवय नाही.

खाली पडलेला एक तुकडा घेऊन मी थेंब टाकला. लाल झालं. बाकीच्या तपासण्या कॅरलने पुन्हा पुन्हा केल्या, एका थेंबावर विश्वास ठेवायचा नाही हे आता आमच्या घरात सगळ्यांना कळलंय. तेच आहे, आई. दोन झाडं. वस्ती.

कॅरल टेबलावर बसून राहिली. म्हणाली, वीस वर्षं मी या खोऱ्यात येते, पण जंगल झाडून काढायचं मला कधी सुचलं नाही. शंतनू म्हणाला, "यार, आईने झाडूने सायन्स केलं. हे रिपोर्टमध्ये टाका." आज सकाळी तिने खरंच टाकलंय. पद्धतीच्या रकान्यात लिहिलंय की झाडाखालची जागा झाडून पडलेले तुकडे तपासले, आणि ही पद्धत प्रथम वापरणाऱ्या म्हणून तुमचं नाव. काल येताना ती एका दुकानात थांबून लांब दांड्याचा झाडू घेऊन आली. सप्टेंबरात काय होईल ते अजून सांगता येत नाही, साहेब लोक शेवटी साहेब लोकच. पण आता त्यांना दोन झाडांसमोर उभं राहून तोडा म्हणावं लागेल.

पुडीचं. कॅरल म्हणते की त्या झाडाखालचा पहिला नमुना तोच, तो विद्यापीठाच्या संग्रहात गेला पाहिजे, आणि पोस्टाने मुळीच नको. नमुने आणायचे जे काही कागद लागतात ते ती करून पाठवते आहे. पुडी उघडू नका. बाबांना बघायची असेल तर बाहेरून दाखवा.

'सोबत: कुणी नाही' ही ओळ मात्र मला घासून पुसता येत नाही. नोंद ती नोंद, कॅरलही तेच म्हणते. आम्ही तुम्हाला खाली एकटं बसवून वर गेलो, मग आठवड्याने मी विचारलं की तुम्ही काय करत होतात हे कुणी बघितलंय. कुणीच बघितलं नव्हतं, कारण कुणी थांबलंच नव्हतं. मीही थांबले नव्हते.

मागच्या पत्रात विचारायला तोंड नाही म्हणाले होते. अजूनही नाही, पण मी विचारते. मला तुम्ही इथे हव्या आहात. डिंकाचे लाडू इथल्या दुकानात मिळतात, दीपा आहे, शंतनू सुट्टी घेईल, सगळं होईल. तरीही मला तुम्ही हव्या आहात. माझी आई असती तर तिला बोलावलं असतं म्हणून नव्हे. ज्या बाईने माझ्यासाठी भरलेली पुडी जपायला आठ दिवस देवाचं नाव चुकवलं, ती माझ्या बाळाजवळ असावी असं मला वाटतं. याल का?

बाबा, तुमच्या जेवणाची व्यवस्था आहे. टेबल लख्ख झाडलेलं आहे आणि शेंगा उकडलेल्या मिळतात.

तुमची दोघांचीही वाट बघणारी,
मृणाल


मिरज,
२१ ऑगस्ट २००६

चि. सौ. मृणालिनीस आशीर्वाद.

पत्र मोठ्याने वाचलं. झाडूच्या ओळीला हे उठून उभे राहिले आणि समोरच्या वाण्याला जाऊन सांगून आले. आता गल्लीत सगळ्यांना माहीत आहे की मी अमेरिकेचं जंगल झाडलं. सफाई कामगार म्हणून नेलं होतं का, असं एकीने विचारलंही.

जास्त लिहीत नाही, खाली चिठ्ठी भरली आहे. शंतनूला दाखव, म्हणजे तिकिटं काढताना चूक होणार नाही.

तारीख: २० डिसेंबर २००६
जागा: तुमच्या गावचा विमानतळ. चाकाची खुर्ची सांगून ठेवा, गुडघे आहेत.
झाड: तुझं
बाजू: तुझीच
उंची: बाळ जन्मल्यावर मोजू
संग्राहक: शैलजा पुरुषोत्तम पाटणकर. गोमुखी हातातल्या पिशवीत असेल, तपासायची असेल तर सावकाश तपास.
सोबत: हे.